रो हाऊसचे भाव पडलेत की वाढलेत?

पत्र: "आम्ही १९९८ पासून नाशिकला इंदिरानगरमध्ये रो हाऊसात राहतो. खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम, गच्ची, पुढे पोर्च, मागे टीचभर अंगण. ओळीत बावीस घरं, आमचं मधलं. ह्यांचं वय ६८, माझं ६३. गुडघ्यांमुळे जिना नकोसा झालाय, म्हणून लिफ्ट असलेल्या टू बीएचकेत जावं असं मनात आहे. पण भावाचं काही कळेना. एजंट म्हणतो, कोपऱ्यावरचं घर गेल्या वर्षी एक कोटी तीसला गेलं, तुमचं सव्वा कोटीला आरामात जाईल. मागच्या ओळीतलं नुकतंच ८५ लाखांना गेलं असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. दोन घरांवर वर्षभर 'विकणे आहे'ची पाटी लटकतेय. पुण्याचा मुलगा म्हणतो, भाव पडतायत, आत्ताच विका. दीर म्हणतात, कुंभ होऊ द्या, दीडपट होतील. गेल्या एप्रिलात सरकारनं भाव वाढवल्याचंही पेपरात आलं होतं. मग खरं काय? आणि जाता जाता, मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला आंबा आहे. त्याचे कोणी पैसे धरतं का?"
– इंदिरानगरची एक वाचक

ताई,

पत्र वाचून मी कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'ऐकलेलं', उजवीकडे 'लिहिलेलं'. डावी बाजू भरली, उजवी कोरीच राहिली. एक कोटी तीस एजंटच्या तोंडचे, पंच्याऐंशी सुनेच्या तोंडचे, मुलाचं 'पडतायत' बहुधा कुठल्या तरी ॲपवरचं, आणि दिरांचं 'दीडपट' तर अजून व्हायचंय. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर तेवीस वर्षं काढल्यामुळे मला ही रेघ ओढायची खोड लागली आहे. घरच्यांना वैताग येतो, पण घराच्या व्यवहारात ती कामाला येते.

घराला भाव एक नसतो. पाटीवरचा सांगायचा भाव असतो, बैठकीत ठरलेला असतो आणि खरेदीखतावर चढलेला असतो. गल्लीत फिरतो तो बहुतेक पहिला, तोही विकणाऱ्याच्या तोंडून फुगून आणि घेणाऱ्याच्या तोंडून आकसून. विकणारा आपला सौदा कमी सांगत नाही. घेणारा शेजारी खरा आकडा सांगत नाही. नजर लागेल म्हणून असो, नाहीतर उसने मागायला येतील म्हणून.

आता कोपऱ्याच्या घराचं बघू. आकडे मी नुसते समजायला धरतोय. समजा गेल्या वर्षी तुमच्या आसपास तीन रो हाऊसं विकली गेली: कोपऱ्यावरचं १ कोटी ३० लाखांना, मधली दोन ८० आणि ८२ लाखांना. सरासरी ९७ लाखांच्या थोडी वर. यंदा दोनच विकली गेली, दोन्ही मधली, ८४ आणि ८५ लाखांना. सरासरी साडेचौऱ्याऐंशी. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला माणूस म्हणेल, भाव तेरा टक्क्यांनी पडले. मधल्या घराचा मालक म्हणेल, माझं घर ८१ वरून साडेचौऱ्याऐंशीवर गेलं, चार टक्के वाढलं. दोघांची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. यंदा कोपरा विकायलाच आला नाही, एवढीच काय ती गोष्ट. तुमचा मुलगा आणि तुमचा एजंट असेच एकमेकांना खोटे न पाडता भांडू शकतात.

कोपऱ्याच्या घराला बाजूचं सामासिक अंतर मिळतं, म्हणजे जास्तीची जागा, एका भिंतीला जास्तीच्या खिडक्या आणि दुसरी गाडी लावायला वाव. मधल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची भिंत. एकाच बिल्डरनं एकाच वर्षी बांधलेली असली, तरी बाजाराच्या दृष्टीनं ही दोन वेगळी घरं आहेत. त्यामुळे एक कोटी तीसचा आकडा खरा निघाला तरी तुमच्या घराच्या कामाचा नाही. तो वहीतून खोडून टाका.

शहराच्या पातळीवर हजारो सौदे होतात, तिथे सरासरीला काही अर्थ असतो. नॅशनल हाऊसिंग बँक 'रेसिडेक्स' नावाचा निर्देशांक शहरवार काढते, बँकांकडे कर्जासाठी आलेल्या घरांच्या मूल्यांकनावरून. शहराचा वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते त्यातून कळतं. बावीस घरांच्या ओळीत वर्षाला एखादं-दुसरं घर विकलं जातं, तिथे त्याचा उपयोग नाही. तिथे एकच घर दोनदा विकलं गेलेलं सापडतं का ते पाहायचं. समजा तुमच्या मागचं एखादं मधलं घर २०१६ मध्ये ५८ लाखांना गेलं आणि तेच २०२५ मध्ये ८४ लाखांना. नऊ वर्षांत २६ लाख वाढले हे ऐकायला बरं वाटतं, पण चक्रवाढीनं ते वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्याही थोडे आतच बसतात. मधल्या काळात त्या मालकानं फरशी आणि बाथरूम बदलली असतील तर त्याहून कमी. हा आकडा दिरांना दाखवा. मुलालाही दाखवा, कारण त्यात पडझडही नाही.

असं घर शोधायचं कुठे? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' नावाची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकला की त्या नंबरावर नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा नोंदणीतला गोषवारा, उघडता येतो. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर तुमच्याच खरेदीखतावर आहेत. ओळीतल्या सगळ्या घरांचा सर्व्हे नंबर बहुधा एकच असेल, प्लॉट किंवा घर नंबर वेगळे. साइट कधीकधी इतकी रेंगाळते की त्यापेक्षा रांगेत उभं राहिलेलं बरं वाटेल. नातवाला शेजारी बसवा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा.

इंडेक्स टूमध्ये दोन आकडे शेजारी-शेजारी असतात, 'मोबदला' आणि 'बाजारभाव'. या 'बाजारभाव' शब्दानं भले भले फसलेले मी पाहिलेत. तो बाजारातला भाव नसतो. मुद्रांक शुल्क काढण्यासाठी सरकारी तक्त्यावरून काढलेली ती किंमत असते. व्यवहार कितीला झाला हे 'मोबदला' या रकान्यात असतं. मग दस्ताचा प्रकार बघायचा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत हे सौदे नव्हेत, ते बाजूला काढायचे. आधी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आणि नंतर खरेदीखत असे एकाच सौद्याचे दोन दस्तही असू शकतात, ते एकच धरायचे. भावाभावातला किंवा काका-पुतण्यातला व्यवहार दिसला तरी तो सोडा. गेल्या तीन वर्षांतले मधल्या घरांचे चार-पाच सौदे उरले तरी पुष्कळ. त्यातला मधला आकडा, सरासरी नव्हे, तुमच्या वहीच्या उजव्या बाजूला लिहा.

यावर तुमचे यजमान म्हणतील की कागदावरचा आकडा कुठे खरा असतो, थोडं 'खालून' असतंच. पूर्वी ते बरंच होतं, आणि जुन्या रो हाऊसांच्या पुनर्विक्रीत विशेष. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर त्या बाजाराला जो दम लागला तो याचमुळे, असं माझं मत आहे. आता घेणारा कर्ज काढून येतो आणि बँक करारात लिहिलेला आकडा बघून कर्ज देते, त्यामुळे आकडा पूर्ण लिहिला जावा हे त्याच्याच हिताचं असतं. तुम्ही तर रोखीच्या वाटेला जाऊच नका. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. या वयात कपाटात नोटा ठेवून झोप घालवायची कशाला?

आता पेपरातली बातमी. वाढला तो रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात तो सरासरी ३.८९ टक्क्यांनी आणि नाशिक महापालिका हद्दीत ७.३१ टक्क्यांनी वाढला. तुमच्या घराला सात टक्के जास्त देणारं गिऱ्हाईक त्यामुळे आलं नाही. घेणाऱ्याचा मुद्रांकाचा खर्च मात्र वाढू शकला, कारण मोबदला आणि तक्त्यावरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर शुल्क बसतं. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी हे दर हलवलेच नव्हते. म्हणून काय त्या दोन वर्षांत नाशकातले सौदे एकाच आकड्यावर गोठले होते? तक्ता बाजाराच्या मागून येतो, आणि कधी फारच मागून. तुम्हाला त्याची काळजी एवढ्यापुरतीच की तक्त्यावरची किंमत तुमच्या मोबदल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर खातं जास्तीचा आकडा धरून हिशोब करतं. तेवढं एजंटकडून नव्हे, मूल्यांककाकडून पाहून घ्या.

याच तक्त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये नोंदणी कार्यालयात झुंबड उडते. एप्रिलात दर वाढतील या धास्तीनं लोक दस्त पुढे ओढतात आणि मग एप्रिल ओस पडतो. तुमच्या मुलानं मार्च आणि एप्रिलचे आकडे शेजारी ठेवून 'विक्री कोसळली' असं म्हटलं असेल तर त्याला गेल्या वर्षीचा एप्रिल शोधायला सांगा. आपल्याकडे महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करताच येत नाही. पितृपक्षात इसार कोण देतो? दसरा, पाडवा, अक्षय तृतीयेला मात्र लोक मुहूर्त गाठतात. यंदा, २०२६ मध्ये, तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात दस्त कमी दिसले तर पेपरात मंदीचे मथळे येतील, तुम्ही दचकू नका.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२० चं. कोविडनंतर सरकारनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांनी. ८० लाखांच्या घराला तीन टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. डिसेंबरात रांगा लागल्या. तेव्हा मलाही वाटलं होतं की घरांना सोन्याचे दिवस आले. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी घेणारे बरेच जण त्या चार महिन्यांत घेऊन मोकळे झाले होते. विक्री वाढली म्हणजे मागणी वाढली असं नसतं. कधी ती नुसती अलीकडे सरकते.

वर्षभर लटकलेल्या त्या दोन पाट्या मला तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली. शेअर पडला तर मिनिटात कळतं. घराचं तसं नाही. मालकाच्या डोक्यात एक आकडा बसलेला असतो, बहुधा कोपऱ्याच्या घराचा, आणि तो खाली यायला तयार नसतो. त्यामुळे बाजार मंदावतो तेव्हा आधी आकडा उतरत नाही, आधी फोन यायचे थांबतात. पाटी उन्हानं पांढरी पडते. मग एखाद्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी पैसे लागतात, तो ८५ ला देऊन टाकतो आणि सगळी गल्ली म्हणते, भाव पडले. भाव त्या दिवशी पडलेला नसतो. घेणारे आधीपासून तेवढंच द्यायला तयार होते, फक्त कोणी विकलं नव्हतं. म्हणून भाव विचारण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो: या ओळीत वर्षाला किती घरं हातावेगळी होतात, आणि पाटी लागल्यापासून इसारापर्यंत किती महिने जातात? गेल्या तीन वर्षांत हा काळ चार महिन्यांवरून बारावर गेला असेल, तर खरेदीखतावरचे आकडे सारखे दिसले तरी बाजार सैल झालाय असं समजा.

त्या दोन घरांचे दरवाजे ठोठवा. तुम्ही शेजारी आहात, चहा मिळेल. किती माणसं बघून गेली, शेवटची ऑफर कितीची आली, ती का नाकारली, एवढं विचारा. नाकारलेली ऑफर कुठल्याच सरकारी वहीत नसते, आणि तुमच्या घराच्या भावाच्या ती सगळ्यात जवळची असते.

घेणाऱ्याचा खिसा ठरतो तो व्याजानं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, मे २०२० पासून दोन वर्षं ४ टक्क्यांवर होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, आणि २०२५ मध्ये चार वेळा कापून डिसेंबरात ५.२५ वर आला. याचा तुमच्या घराशी संबंध असा: समजा एखाद्याला महिन्याला साडेशेहेचाळीस हजारांचा हप्ता झेपतो. वीस वर्षांच्या मुदतीला ७ टक्क्यांनी त्याला ६० लाख मिळतात. ९ टक्के झाले की त्याच हप्त्यात पावणेबावन्न लाखांच्या आत. पावणेआठला पुन्हा साडेछप्पन्नच्या वर. माणूस तोच, पगार तोच, घरही तेच. त्याचं कर्ज मधल्या काळात आठ लाखांनी आटलं आणि आता निम्म्याहून जास्त परत आलं. सध्याचं वारं त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूनं थोडं बरं आहे. मुलाचं 'पडतायत' मला यासाठी पटत नाही.

पण जुन्या रो हाऊसला हा वारा पूर्ण लागत नाही, आणि इथे तुम्हाला थोडं कडू सांगावं लागेल. घर म्हणजे जमीन अधिक बांधकाम. जमीन वाढते, बांधकाम झिजतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बांधकामाची घसारा कापून जी किंमत उरते, ती गच्चीच्या गळतीसकट उरते. म्हणजे तुमच्या घराचा भाव हा मुख्यतः खालच्या जमिनीचा भाव. मग कोणीतरी सांगतं की शेजारच्या रस्त्यावरचा बंगल्याचा प्लॉट बिल्डरनं अबब किमतीला घेतला. तो घेणारच. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियमावली आली, तिच्यात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा) मिळतो आणि सुट्या, ऐसपैस प्लॉटवर इमारत उभी राहते. तुमच्या अरुंद पट्टीवर, दोन्हीकडे सामाईक भिंती असताना, एकट्यानं काय उभं राहणार? शेजारचे चार-पाच जण एकत्र आले तर गोष्ट वेगळी, पण बावीस घरांची मिटिंग गणपतीच्या वर्गणीसाठीसुद्धा जमत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून एकाच भागात बंगल्याचा प्लॉट वर जातो, नवा फ्लॅट वर जातो आणि जुनं रो हाऊस मागे रेंगाळतं. त्याला 'या भागाचे भाव वाढले' असं एकच वाक्य लावणं चूक.

विकणारे वाढलेत तेही याच कारणानं. नव्वदच्या दशकात तुमच्यासारख्या पस्तिशीतल्या जोडप्यांनी ही घरं घेतली. सगळ्यांचे गुडघे एकदमच साठीला पोहोचले, मुलं एकदमच पुण्याला-परदेशी गेली. आणि आज पस्तिशीत असलेल्यांना लिफ्ट, वॉचमन, मुलांना खेळायला जागा हवी. रो हाऊस शोधणारा अजून आहे, पण तो ठरावीक आहे: आई-वडिलांना तळमजला हवा असलेलं एकत्र कुटुंब, खाली क्लास किंवा दवाखाना काढणारे, कुत्रा पाळणारे, दारात गाडी चार्ज करायची असणारे. असं गिऱ्हाईक महिन्याला चार येत नाहीत. आलं तर मात्र फ्लॅट बघत नाही.

दिरांच्या कुंभाबद्दल. मागचं सिंहस्थ २०१५ चं. आताचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं २०२७ मध्ये. रस्ते होतील, पूल होतील, घाट होतील, आणि त्यातलं काही शहराला कायमचं उपयोगी पडेल. पण गर्दी पंचवटी, तपोवन, त्र्यंबकेश्वरला. इंदिरानगरचं मधलं रो हाऊस त्यासाठी दीडपटीनं कोण घेईल? भाडं थोडे महिने चढेल कदाचित. पण चार महिन्यांच्या भाड्यावर कोणी घराची किंमत ठरवत नाही. उलट आपल्याकडे सिंहस्थात लग्न आणि वास्तुशांत टाळणारी घरं अजून आहेत, तेवढं गिऱ्हाईक तर थांबेलच. आणि गाजावाजा झालेल्या प्रकल्पांचा भाव लोक आधीच लावून बसतात. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली होती. तेव्हा किती जाहिरातींत 'प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापून आलं ते आठवा. ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, विकू की थांबू. तुम्ही घर विकून पैसे घेऊन जाणार नाही आहात, त्याच शहरात फ्लॅट घेणार आहात. मग तुम्ही भावाकडे बघायचंच नाही, फरकाकडे बघायचं. समजा रो हाऊसचे ८५ येतात आणि फ्लॅट ६५ ला मिळतो, हातात राहिले २० लाख. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढले तर साडेत्र्याण्णव वजा साडेएकाहत्तर, २२ लाख. दोन्ही दहा टक्क्यांनी पडले तर १८. सगळी गल्ली ज्यावर रात्रंदिवस बोलतेय त्या चढउताराचा तुमच्यावर परिणाम दोन लाखांचा. पण नवे फ्लॅट पुढे गेले आणि जुनी रो हाऊसं मागे राहिली, जे मला जास्त संभवतं, तर थांबण्यात तुमचा फरक दरवर्षी आटणार. आणि दोन वर्षं आणखी तो जिना. मी तुमच्या जागी असतो तर यंदाच विकलं असतं. मुलाचा निष्कर्ष बरोबर आहे, त्याचं कारण मात्र चुकीचं आहे.

आकडा असा ठरवा. इंडेक्स टूमधून आलेला मधला आकडा घ्या, त्यावर पाच-सहा टक्के ठेवून पाटी लावा आणि तीन महिने बघा. तीन महिन्यांत दहाही माणसं बघायला आली नाहीत तर आकडा जास्त आहे. माणसं आली, पण बोलणं पुढे गेलं नाही, तर दोष आकड्याचा नाही, घरात काहीतरी खुपतंय. मला वाटतं पोर्च खुपेल. झाकून त्याची खोली केली असेल तर बँकेचा मूल्यांकक मंजूर नकाशाप्रमाणेच क्षेत्रफळ धरतो, त्या खोलीचे पैसे तो मोजत नाही, आणि घेणाऱ्याचं कर्ज तेवढं कमी होतं. मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टी, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव, फिटलेल्या कर्जाचा दाखला, हे सगळं पाटी लावायच्या आधी एका फायलीत लावा. सौदे भावावर मोडतात त्याहून जास्त कागदांवर मोडतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

सव्वा कोटी सांगणाऱ्या एजंटवर रागावू नका. त्याला तुमची पाटी हवी आहे. आधी मोठा आकडा सांगून घर हातात घ्यायचं आणि तीन महिन्यांनी 'ताई, जरा खाली या' म्हणायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत. त्याला एवढंच विचारा की या भागातली मधली रो हाऊसं तुम्ही स्वतः किती विकून दिलीत, त्यांचे इंडेक्स टू दाखवाल का. दाखवले तर तोच एजंट धरा.

आधी विका, मग घ्या. इसार घेताना ताब्याला तीन-चार महिन्यांची मुदत करारात लिहून घ्या, तेवढ्यात फ्लॅट मिळतो. भोगवटा दाखला मिळालेला फ्लॅट घेतलात तर जीएसटी लागत नाही. आणि खरेदी एकट्या तुमच्या नावावर केलीत तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ६५ लाखांवर ६५ हजार. यजमानांना थोडं वाईट वाटेल, पण ६५ हजारांत समजूत निघेल. आयकराचं सीएशी बोला. घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, तिचा मूल्यांककाचा दाखला आधीच काढून ठेवा. दुसरं राहतं घर घेतल्यावर नफ्यावरचा कर बराचसा किंवा सगळा वाचतो. व्यवहार पन्नास लाखांच्या वरचा आहे, तेव्हा घेणारा तुमच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

राहिला आंबा. मूल्यांककाच्या अर्जात त्याला जागा नाही, बँक त्याचा रुपया धरणार नाही. उलट घेणारा म्हणेल की मुळं टाकीला लागलीत, आणि तोडायची म्हटलं तर महापालिकेची परवानगी लागते. ते आधीच सांगून टाका. पण रो हाऊस शोधणारं गिऱ्हाईक कसं असतं ते वर लिहिलंच आहे, ते मागचं दार उघडून अंगण बघतंच. तेव्हा पाटी पाडव्याला लावा आणि माणसांना एप्रिल-मेमध्ये घर दाखवायला बोलवा, झाडाला कैऱ्या असताना. फक्त १७ मेच्या आत.